आनंदाला दहा गुण

आमच्या कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात एका वर्षी नवा रकाना आला. कामाचा दर्जा 40, हजेरी 20, सुरक्षितता 20, टापटीप 10 हे जुनेच होते. त्यांच्याखाली 'इतर' म्हणून 10 गुण असायचे. हे 10 गुण साहेबांच्या मर्जीचे, हे गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा कुणाला रागही नव्हता. मर्जी कशी राखायची हे माणूस शाळेतच शिकतो. पण त्या वर्षी 'इतर' गेलं आणि त्या जागी छापून आलं, 'सकारात्मक वृत्ती'.

मी महाडच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्याच्या स्टोअरला आहे. ड्रम, गॅस्केट, हातमोजे, व्हॉल्व यांची आवकजावक लिहायची, हे माझं काम. राहायला पोलादपूर तालुक्यात. सकाळी कंपनीची बस. ती चुकली तर मिनीडोर. तीही भरून गेली तर हायवेला उभं राहून प्रत्येक टेम्पोला ओळखीचा असल्यासारखा हात करायचा. एवढं करून जो माणूस वेळेत पंचिंग करतो तो मुळातच सकारात्मक असतो, अशी माझी समजूत. पण ते मोजायची सोय नव्हती. ती करायला पुण्याहून एचआरच्या मॅडम आल्या.

मॅडम चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या दिवशी त्या ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या कोंडीत अडकल्या आणि तिथून मुंबई-गोवा हायवेने आमच्याकडे पोचेपर्यंत मीटिंगची वेळ केव्हाच टळली होती. या हायवेचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे; आमच्याकडे काही पोरांच्या मुंजी, दहावी, लग्न असं सगळं त्या कामाच्या मुदतीत उरकलं. मॅडम गाडीतून उतरल्या आणि हसून म्हणाल्या, "किती सुंदर निसर्ग आहे हो तुमच्याकडे!" माणगावच्या कोंडीनंतरही जिला निसर्ग दिसतो, त्या बाईच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी योजना समजावली. रोज सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने एक 'आजची चांगली गोष्ट' सांगायची. सुपरवायझरने ती वहीत लिहायची. दुसरं म्हणजे 'अडचण' हा शब्द वापरायचा नाही, 'संधी' म्हणायचं. तक्रार करायची असेल तर सोबत उपाय सुचवायचा. आणि या सगळ्याचे मिळून 10 गुण.

'संधी' प्रकरण आठवड्याभरात अंगवळणी पडलं. मेंटेनन्सचा पोरगा स्टोअरच्या खिडकीशी येऊन ओरडायचा, "भाऊ, सहा इंची गॅस्केट द्या, मोठी संधी आलीय!" बॉयलरला संधी, पंपाला संधी, लाइट गेली की अख्ख्या प्लँटला संधी. एका दुपारी कॅन्टीनमधला गॅस संपला तेव्हा आचारी बाहेर येऊन म्हणाला, "आज जेवणाची संधी हाय." लोक ताट घेऊन धावत गेले आणि मग त्याला शोधत फिरले.

'आजची चांगली गोष्ट' मात्र जड गेली. आमच्याकडची माणसं तोंडाने चांगलं म्हणायला फार कचरतात. भात उत्तम आलेला असो, पोरगी पहिल्या नंबराने पास झालेली असो, "कसं काय?" विचारलं की उत्तर येतं, "हाय आपलं." जास्त बोललं तर दृष्ट लागते, किंवा निदान कुणीतरी उसने पैसे मागतो. त्यामुळे पहिले काही दिवस वहीत 'आज पाऊस नाही', 'आज पाऊस आहे', 'बसमध्ये बसायला जागा मिळाली' अशाच नोंदी होत्या. मग एके सकाळी कापडे गावाच्या बाजूच्या एका वाडीतून येणारे आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांची पाळी आली.

"आजची चांगली गोष्ट," आबा म्हणाले, "दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व आज गळला न्हाय."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सेफ्टी ऑफिसरांनी मात्र मान वर केली.

"आज गळला नाही म्हणजे?"

"म्हंजे काल गळला हुता."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल सांगितली असती तर ती वाईट गोष्ट झाली असती, साहेब. आज चांगली हाय."

सेफ्टी ऑफिसर खुर्चीत बसले, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आणि बराच वेळ त्याच्या आतल्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

त्यांचं दुःख समजायला कारखान्यातली एक रीत माहीत हवी. अपघात होता होता टळला, कुणाला लागलं नाही, नुकसान झालं नाही, पण होऊ शकलं असतं, अशा घटनेला आम्ही 'निअर मिस' म्हणतो. त्याचा छापील फॉर्म असतो. तो जितका जास्त भरला जाईल तितकं बरं, असं सुरक्षिततेचं शास्त्र सांगतं. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने 1931 मध्ये मांडलं की एका मोठ्या अपघातामागे 29 किरकोळ अपघात असतात आणि 300 प्रसंग असे, ज्यात कुणाला इजा होत नाही. त्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, पण ट्रेनिंगच्या खोलीत तो त्रिकोण अजून भिंतीवर आहे. त्या 300 वर नजर ठेवा, वरचा एक आपोआप टळेल, असा त्याचा अर्थ. म्हणून आमच्या 'सुरक्षितता 20' या रकान्यात दर महिन्याला प्रत्येकाने निदान दोन निअर मिस कळवावेत असं उद्दिष्ट होतं.

म्हणजे वरच्या रकान्यात कुरकुर केल्याबद्दल गुण होते आणि खालच्या रकान्यात कुरकुर न केल्याबद्दल. एकाच कागदावर, एकाच्याच सहीने.

माणूस अशा वेळी जे करतो तेच आम्ही केलं. निअर मिसचे फॉर्म सकारात्मक भाषेत भरायला लागलो. 'फोर्कलिफ्टने भिंतीशी जवळीक साधली.' 'शिडीची तिसरी पायरी दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाली.' 'ॲसिडच्या पाइपने आपली कमजोरी वेळेत दाखवून उत्तम सहकार्य केले.' हे शेवटचं वाक्य माझं. त्याचं कौतुक हेड ऑफिसच्या मासिकात छापून आलं. पाइप बदलायला मात्र फार वेळ लागला, कारण सहकार्य करणारा पाइप बदला असं लिहायचं कसं, हे खरेदी विभागाला कळेना.

यानंतर सर्व्हे झाला. तो निनावी होता. वरच्या कोपऱ्यात फक्त एम्प्लॉयी कोड लिहायचा होता. पाच चेहरे छापले होते, रडक्यापासून खदाखदा हसणाऱ्यापर्यंत, आणि 'कामावर तुम्हाला कसं वाटतं?' म्हणून एकावर खूण करायची. आमच्या प्लँटमधल्या जवळजवळ सगळ्यांनी मधल्या चेहऱ्यावर खूण केली. सरळ रेघेचं तोंड. म्हणजे 'बरं आहे'. महाड-पोलादपूरच्या माणसाने बिनदिक्कत लेखी दिलेला हा सर्वोच्च शेरा. याच्या वर आम्ही फक्त महाडच्या जत्रेत विरेश्वराच्या छबिन्याला जातो, आणि तिथेही दुसऱ्या दिवशी विचारलं तर "झाला छबिना" एवढंच सांगतो.

हेड ऑफिसमध्ये मधला चेहरा पाहून हाहाकार झाला. महाड प्लँटचं मनोधैर्य चिंताजनक, असा मेल आला. मॅडमचा चेहरा पाचांपैकी पहिल्या चित्रासारखा झाला. चहा पिताना त्यांनी सांगितलं, की त्यांच्याही फॉर्मात एक रकाना होता: प्लँटचा आनंद 85 टक्क्यांवर नेणे. आम्ही खूश दिसेपर्यंत त्यांना झोप लागणार नव्हती. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मला कुणाच्या तरी सुखासाठी हसावंसं वाटलं.

मग उपाय म्हणून हास्ययोगाचे शिक्षक बोलावले. हास्ययोग हा तसा मुंबईचाच. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 ला अंधेरीतल्या एका बागेत पाच माणसं जमवून सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. बागेत तो छानच असेल. आमच्याकडे तो पॅकिंग शेडसमोर ठेवला आणि तिथे मास्क, गॉगल, हेल्मेट सक्तीचं. शिक्षक "हो हो, हा हा हा" करत होते आणि समोर रबरी नाकाडाची साठ-सत्तर माणसं हात वर करून उभी. आतून कोण हसतंय, कोण हेडफोन लावून भजन ऐकतंय, कोण मास्कच्या आडून मॅनेजरची नक्कल करतंय, कळायला मार्ग नव्हता. अहवालात 'शंभर टक्के सहभाग' असं लिहिलं गेलं.

हे वेड आमच्याच कंपनीचं असं समजू नका. जपानमध्ये केइक्यू रेल्वेने 2009 मध्ये स्टेशनांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी हसू मोजणारं यंत्र बसवलं. कॅमेऱ्यापुढे हसायचं, यंत्र शंभरपैकी गुण देणार. फिलिपिन्समधल्या मुलानाय गावच्या महापौरांनी 2022 मध्ये पालिकेच्या नोकरांना हसतमुख राहण्याचा आदेशच काढला, न पाळणाऱ्याला दंडाची तंबी देऊन. अमेरिकेत टी-मोबाइलच्या कर्मचारी पुस्तिकेत कामाच्या जागी वातावरण सकारात्मक ठेवावं असं कलम होतं. 2016 मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने ते बेकायदा ठरवलं. असं कलम असलं तर कामगार पगाराबद्दल, साहेबाबद्दल आपसांत बोलायलाही घाबरतील, असं मंडळाचं म्हणणं. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने मंडळाचा हा निर्णय फिरवला. समंजस कामगार त्या कलमाचा असा अर्थ लावणार नाही, म्हणाले. न्यायाधीश महाराज स्टोअरला कधी बसलेले नसावेत.

शेजारच्या मध्य प्रदेशात 2016 मध्ये सरकारने आनंद विभागच काढला. आपल्याकडे 2022 च्या ऑक्टोबरात शासन निर्णय निघाला, की सरकारी कार्यालयांत फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं. कुणी काय म्हणावं यावर मी बोलत नाही. पण सरकारी कार्यालयात फोन उचलला जातो हे त्यात गृहीत धरलं होतं, आणि इतकी सकारात्मकता मी आमच्या मॅडममध्येही पाहिली नाही.

माणसाच्या वृत्तीची यादी करण्याचं काम महाड तालुक्यात फार पूर्वी झालेलं आहे, हे पुण्याच्या लोकांना कोण सांगणार? वरंध घाटाच्या कुशीतल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. ओवीमागून ओवी नुसती लक्षणं. आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खांचा वेगळा समाचार आहे, म्हणजे पदवीधरांचीही सोय. ही यादी वाचताना मला साहेब आठवतात. साहेबांनी वाचली तर त्यांना मी आठवेन. समर्थांचा शहाणपणा असा, की त्यांनी या यादीला गुण ठेवले नाहीत आणि पगारवाढ जोडली नाही. ठेवले असते तर आज घळीबाहेर सर्टिफिकेटांची रांग लागली असती.

आता थोडं गंभीर बोलतो, कारण गाव महाड आहे. चवदार तळ्याचं नाव विनोदी लेखात घेताना जीभ जपून वापरावी लागते. पण कागदावर गाठलेलं उद्दिष्ट म्हणजे काय, हे या गावाइतकं कुणाला ठाऊक? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. आज असतं तर रकान्यात हिरवी खूण झाली असती. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या ठरावाने कुणाला ओंजळभर पाणी पाजलं नव्हतं. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्या माणसांना 'सकारात्मक वृत्ती'त किती गुण मिळाले असते, याचा विचार मी एकदा बसमध्ये केला आणि मग खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसरी गोष्ट पाण्याचीच. सावित्री आणि गांधारी चढायला लागल्या की महाडात नगरपालिकेचा भोंगा वाजतो. ऐकायला अत्यंत कर्कश. तो वाजला की दुकानदार माल माळ्यावर चढवतात, गाड्या उंचावर नेतात. भोंग्याला आजवर कुणी नकारात्मक म्हटलेलं नाही, आणि 'पाणी आलं तर सोबत उपायही सुचव' असंही त्याला कुणी सांगत नाही. कारखान्यातला कुरकुऱ्या माणूस हा आमचा भोंगा आहे. महाडच्या एमआयडीसीत 3 नोव्हेंबर 2023 ला एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि 11 कामगारांचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या गेटवर कुणी कुणाला चांगली गोष्ट विचारली नाही. त्यानंतर आबांनी सकाळच्या गोलात व्हॉल्वबद्दल बोलायला सुरुवात केली की सगळे गप्प राहून ऐकायचे. मॅडमही.

बरं, माणसं आदेशाशिवाय हसतात का? 22 जुलै 2021 च्या महापुरानंतरचं महाड ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगावं. बाजारपेठेत दुकानांच्या आत गुडघा-गुडघा चिखल. फावड्याने तो ओढता ओढता एक कापडवाला मला म्हणाला, "या वर्षी सेल लवकर लावला." कुठलीही एचआर त्याला हे बोलायला लावू शकली नसती, आणि त्याच्या नुकसानीचा पंचनामा उशिरा झाला तेव्हा तोच माणूस शिव्याही मनसोक्त देत होता. हसणं आणि शिव्या एकाच तोंडातून येतात. एक बंद केलं की दुसरंही आटतं.

मालकाने आनंदाचं उद्दिष्ट ठेवूच नये का? ठेवावं की, पण स्वतःपुरतं. 1948 च्या कारखाने अधिनियमाची प्रत आमच्या टाइम ऑफिसात होती. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून मी ती वाचायचो आणि हमखास झोपायचो. त्यात 250 हून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन, उन्हाळ्यात थंड पाणी, जादा कामाला दुप्पट मजुरी, हातपाय धुण्याची सोय, एवढंच काय, थुंकायला पिकदाण्या कुठे ठेवायच्या याचंही कलम होतं. कामगाराला आनंदी करण्याचा विचार त्या कायद्याने कुठेही केलेला नाही. त्याने फक्त थंड पाण्याचा केला. मे महिन्यात दुपारी दोन वाजता महाडच्या एमआयडीसीत उभं राहून पाहा, यातलं मोठं काम कोणतं ते. साहेबाच्या वागण्यालाही उद्दिष्ट हवंच. एक तिरसट सुपरवायझर अख्खी पाळी नासवतो, हे मी नाकारत नाही. पण मग 'शिव्या देऊ नये' असं लिहा. शिव्या मोजता येतात. आमच्याकडे त्या मोजणारे स्वयंसेवकही मिळतील.

आमच्या त्या वर्षीच्या मूल्यमापनाचा निकाल असा लागला: सकारात्मक वृत्तीत सगळ्या प्लँटला 10 पैकी 9. सुपरवायझरांनी भांडण नको म्हणून सरसकट दिले, आणि अगदी 10 दिले तर खोटं वाटेल म्हणून एक कापला. अपवाद सेफ्टी ऑफिसर, त्यांना 6. शेरा होता, 'वारंवार समस्यांकडे लक्ष वेधतात.' मॅडमना 85 टक्क्यांऐवजी 90 मिळाले म्हणून त्यांची बढती होऊन त्या पुण्याला परत गेल्या. जाताना त्यांनी स्टोअरमध्ये येऊन खरंच मनापासून विचारलं, "आता तरी सांगा, तुम्हाला इथे कसं वाटतं?" मी म्हटलं, "बरं आहे, मॅडम." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पाचपैकी पाच." आमच्याकडे राहून त्या बाई एवढं शिकून गेल्या.

त्यांच्या जागी जे कुणी येतील त्यांना माझी विनंती आहे. आनंदाचे ते 10 गुण परत 'इतर'मध्ये टाका. स्टोअरला एक्झॉस्ट फॅन बसवा, त्याची मागणी रीतसर दिलेली आहे आणि तिच्यात 'संधी' हा शब्द कुठेही नाही. आणि पोलादपूरची बस साडेपाचच्या साडेपाचला सोडा.